वेलिंकर नावाचा वैमानिक

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली तयार झाली व तेथे लष्करी विमानांचे शिक्षण चाले, हे बेळगाव-निपाणीकडील जुन्या मंडळींस ठाऊक आहेच. परंतु त्याच्या पाव शतक आधी मुंबईचा एक तरुण लढाऊ वैमानिक झाला होता, हे आम्हांसही फार उशिरा कळले.

श्रीकृष्ण चंद्र वेलिंकर हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातून लढलेल्या हिंदी वैमानिकांत इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरोल चंदर सेन आणि वेलिंकर ही चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. हिंदी माणसास अधिकारपद देण्यास लष्कर नाखूष असे. मलिक यांनी फ्रेंचांकडे जाण्याची तयारी केली, तेव्हा कोठे त्यांच्यासाठी दार उघडले.

दारापलीकडे उभे होते ते शिकाऊ विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, आणि हवाई छत्री नाहीच! शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वीच कित्येक तरुण या शिक्षणात दगावले. १९१७ मध्ये गॉसपोर्ट येथे स्मिथ-बॅरी यांनी दुहेरी नियंत्रणाचे विमान व गुरुशिष्यांत बोलण्याची नळी यांच्या आधारे शिक्षणाला पद्धत लावली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉय यांचे विमान कोसळले. मृत समजून त्यांना प्रेतांत ठेवले असता ते शुद्धीवर आले, अशी हकीकत सांगतात. वैद्यकांनी अपात्र ठरवूनही ते पुन्हा उडाले. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विजय मिळवून २२ जुलैला, एकोणिसाव्या वर्षी, पडले.

वेलिंकर २३ क्रमांकाच्या तुकडीत 'डॉल्फिन' विमान चालवीत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. दृष्टी चौफेर, पण उतरताना विमान उलटले तर प्रथम मान मोडायची! जून १९१८ अखेर गस्तीवर गेलेले वेलिंकर परतले नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या कैदेत जखमांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे तेवीस.

रॉय यांच्यावर १९९८ साली टपाल तिकीट निघाले, ते योग्यच झाले. कूतच्या वेढ्यात अडकलेल्या १०३ व ११० क्रमांकांच्या मराठा पलटणींच्या कथा आपल्याकडे अजून सांगितल्या जातात. वेलिंकरांचे नाव मात्र आम्ही मराठी शाळेत कधी ऐकले नाही. त्यांची कबर फ्रान्समधील हांगार गावच्या स्मशानभूमीत आहे.