गुणतक्ता आणि बखर

वि. का. राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद आणि बखर यांच्यातले नाते मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. कागदात तारीख असते, आकडा असतो, शिक्का असतो. बखरीत माणसे बोलतात, रुसतात, शौर्य गाजवतात आणि क्वचित घडले त्याहून अधिक गाजवतात. राजवाड्यांनी बखरींची झाडाझडती घेतली. पुढच्या समीक्षकांनी त्याच बखरींना मराठी गद्याचे वैभव मानले. एकाने त्यांत इतिहास शोधला, दुसऱ्याने वाङ्मय.

हीच जोडी मुंबईच्या मैदानांवर शतकाहून अधिक काळ नांदत आली आहे, याकडे मात्र आपण वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्वचितच लक्ष दिले. तेथे कागद म्हणजे गुणलेखकाची वही आणि वर्तमानपत्रातील गुणतक्ता. बखर म्हणजे मैदानाच्या कडेला, झाडाखाली, इराण्याच्या हॉटेलात आणि परतीच्या लोकलमध्ये चालणारी रसिकांची चर्चा. ज्या सामन्यांना तिकीट नसते, ज्यांतील बहुतेक खेळाडू पुढे कधीच प्रसिद्धीला येत नाहीत, अशा लहान सामन्यांविषयी माणसे वर्षानुवर्षे तावातावाने का बोलत राहतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तरासाठी 1948 या वर्षाकडे जावे लागते. त्यापूर्वी मुंबईचा प्रेक्षक मोठ्या संख्येने मैदानावर जाई तो जमातवार सामन्यांसाठी. 1907 साली युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. 1912 मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि 1937 मध्ये 'इतरां'चा संघ आल्यावर पंचरंगी. कोणत्या संघाच्या बाजूने ओरडायचे, हे प्रेक्षकाच्या जन्माने ठरलेले असे. ही व्यवस्था किती पोकळ होती, ते हिंदू संघाच्याच इतिहासात दिसते. पळवणकर बाळू हा त्या काळातील देशातला सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण तो चांभार समाजातला असल्याने संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. पुण्याच्या मैदानावर त्याला चहा वेगळ्या भांड्यातून, तंबूच्या बाहेर दिला जाई. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोही मोठ्या वादंगानंतर. डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी जमातवार क्रिकेटला जाहीर विरोध केला आणि 1945-46 च्या हंगामानंतर ही स्पर्धा इतिहासजमा झाली.

1948 साली दोन गोष्टी घडल्या. पळवणकर विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ मुंबईत पावसाळी लीग सुरू झाली. कांगा हे 1911 च्या त्याच दौऱ्यावर बाळूबरोबर गेलेले पारशी फलंदाज. एका पुस्तकाने जमातवार क्रिकेटची आतल्या बाजूने साक्ष दिली आणि एका स्पर्धेने प्रेक्षकाच्या निष्ठेला नवी जागा दिली. हा योगायोग आहे. परंतु इतिहासात योगायोगही अर्थपूर्ण ठरू शकतात.

कांगा लीगची रचना पाहिली तर तिचे वेगळेपण ध्यानात येते. 'ए'पासून 'जी'पर्यंत सात विभाग, प्रत्येक विभागात साधारण चौदा संघ. तळाच्या संघांची खालच्या विभागात घसरण, वरच्या संघांना बढती. सामने ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर. चेंडू कधी गुडघ्याखाली राही, कधी हनुवटीपर्यंत उसळे. तीस धावांची खेळी शतकाच्या मोलाची ठरे. अशा सामन्यात नेमके काय घडले हे धावसंख्येवरून कळणे कठीण. तीस धावा कोणत्या चिखलात झाल्या, ढग कधी दाटले, कोणत्या झेलाच्या वेळी क्षेत्ररक्षकाचा पाय घसरला, हे पाहणाऱ्यानेच सांगायचे. कांगा लीगचा गुणतक्ता बखरीवाचून वाचताच येत नाही, तो यामुळे.

आता त्या तक्त्यातील नावे पाहा. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना, जॉन ब्राइट, पारसी सायक्लिस्ट्स, न्यू हिंद, जॉली क्रिकेटर्स, फोर्ट विजय, मांडवी मुस्लिम्स, कर्नाटक स्पोर्टिंग. यांतील काही नावांत जुन्या जमाती अजून टिकून आहेत. एका वर्षात माणसांची मने पालटली, असा भाबडा दावा कोणी करू नये. पण या नावांत वस्ती आहे, पेठ आहे, स्थलांतरितांची मायभूमी आहे आणि चार मित्रांची हौससुद्धा आहे. जमातीच्या पाच रकान्यांतून प्रेक्षक बाहेर पडला आणि त्याला निवडीसाठी शेकडो लहान घरे मिळाली. दादर युनियनचा पाठीराखा आणि शिवाजी पार्कचा पाठीराखा एकाच जातीचे, एकाच कचेरीतले, प्रसंगी एकाच घरातले असू शकत. एका बाजूला माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. दुसऱ्या बाजूला अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील. माटुंग्याचे दडकर मैदान ते शिवाजी पार्क हे अंतर पायी चालण्याचे. परंतु त्या दोन क्लबांमधला वाद पिढ्यांना पुरला.

महाविद्यालयांचेही तसेच. रुइया आणि खालसा 1937 मध्ये, पोदार 1941 मध्ये अशी तीन महाविद्यालये माटुंग्यात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी राहिली. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रोहिंटन बारिया करंडक 1935 पासूनच सुरू होता. त्यामुळे महाविद्यालयाच्या संघात स्थान मिळणे ही विद्यापीठाच्या, आणि पुढे मुंबईच्या संघाकडे जाणारी पायरी ठरली. पायरीची दुसरी बाजू पोटापाण्याची होती. 1931 पासून चालत आलेल्या टाइम्स शिल्डमध्ये कचेऱ्या, बँका आणि गिरण्यांचे संघ उतरत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. निर्लॉन, मफतलाल, स्टेट बँक, टाटा ही नावे म्हणूनच क्रिकेटच्या गप्पांत घरच्यासारखी येत. लहान सामन्यात एका तरुणाने काढलेल्या साठ धावा म्हणजे कदाचित एका कुटुंबाचा महिन्याचा पगार. कडेला उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक असे. त्याच्या आरडाओरड्यात ही जाणीवही मिसळलेली असे.

या चर्चेची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. छापील मराठी 'त्रिफळाचीत', 'पायचीत', 'यष्टिरक्षक', 'निर्धाव षटक' असे शब्द वापरते. हे शब्द रुजवण्यात मराठीतून धावते समालोचन करणारे बाळ ज. पंडित आणि वर्तमानपत्रांचे क्रीडा विभाग यांचा वाटा मोठा. कडेचा रसिक मात्र 'दांडी गुल' म्हणतो, 'एल्बी' म्हणतो, 'मेडन टाकली' म्हणतो आणि हार न मानणाऱ्या चिवट फलंदाजाला प्रेमाने 'खडूस' म्हणतो. या दोन भाषांत वैर नव्हते. रविवारी मैदानावर 'दांडी गुल' झालेला फलंदाज सोमवारी पेपरात 'त्रिफळाचीत' होई आणि वाद घालणारे ते वाचून पुन्हा वाद घालत. 1962 साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वि. वि. करमरकरांनी क्रीडापानाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती या संदर्भात पाहायला हवी. कबड्डी, खो-खो, स्थानिक क्रिकेट यांना त्या पानावर हक्काची जागा होती. करमरकर 2023 मध्ये गेले. अशा पानामुळे बोलण्याला न्यायालय मिळाले. आदल्या दिवशीच्या अतिशयोक्तीला दुसऱ्या दिवशीचा बारीक टाइपातला निकाल उत्तर देई.

आकडा आणि आठवण परस्परांना कसे पूरक ठरतात, याचे सर्वपरिचित उदाहरण शालेय क्रिकेटमधले आहे. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी 664 धावांची अभेद्य भागी केली. कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326. हे सारे गुणलेखकाच्या वहीत आहे. वहीत आणखी एक नाव आहे, ज्याच्यापुढे एकही धाव नाही: अमोल मुझुमदार. त्याने फलंदाजी केलीच नाही. पॅड बांधून तो आपल्या पाळीची वाट पाहत बसून राहिला. वहीच्या दृष्टीने ही घटना नव्हेच. तिच्यासाठी रकानाच नाही. ती टिकली ती सांगणाऱ्यांच्या तोंडून. मुझुमदारने पुढे रणजी पदार्पणातच 260 धावा केल्या, वर्षानुवर्षे धावांच्या राशी घातल्या आणि भारताकडून एकही सामना न खेळता तो निवृत्त झाला. तेव्हा लोकांनी त्या पॅड बांधून बसलेल्या मुलाची आठवण काढली आणि त्या आठवणीला रूपकाचे वजन आले. शिवलकरांचेही असेच. 589 प्रथम श्रेणी बळी हा कागद. एकही कसोटी वाट्याला न आल्याची हळहळ ही बखर. 2025 मध्ये ते निवर्तले तेव्हा मुंबईकरांनी आधी हळहळीचीच उजळणी केली.

येथून आपण खाडी ओलांडून नवी मुंबईत येऊ, कारण या प्रश्नाचे आजचे रूप तेथे अधिक स्पष्ट दिसते. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी 95 गावांची जमीन संपादित होऊ लागली. नेरुळ आणि जुईनगर यांच्यालगतचे शिरवणे हे त्यांपैकी एक. शेते आणि मिठागरे गेली, सेक्टर आले. शिरवण्यापासून जवळच नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. 2008 साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तेथे झाला आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही तेथेच. त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार. आझाद मैदानावरची 1988 ची ती आठवण कोणी सांभाळून ठेवली नसती, तर नेरुळच्या त्या रात्रीचा अर्धा अर्थ आपल्याला कळला नसता. लहान सामन्याची बखर मोठ्या सामन्याला अशी उपयोगी पडते.

स्टेडियममधल्या प्रत्येक चेंडूची नोंद आहे, चित्रफीत आहे, आलेख आहे. त्याच्या भोवतालच्या गावांतही क्रिकेट आहे. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा हा उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला मोठा सोहळा असतो. संघाला नाव बहुधा गावाचे किंवा गावदेवीचे. पत्त्यात ज्या गावाच्या जागी सेक्टरचा क्रमांक आला, ते गाव स्पर्धेच्या तक्त्यात पूर्ण नावानिशी उभे असते. शिरवणे विरुद्ध शेजारचे गाव, असा सामना लागतो तेव्हा नकाशावर विरघळलेली शीव काही तासांपुरती पुन्हा आखली जाते. कडेला चालणारी आगरी बोलीतली टीकाटिप्पणी, उपहास, जुन्या सामन्यांचे दाखले हे त्या गावांच्या मौखिक परंपरेचे चालू प्रकरण आहे. धवलेगीत नोंदवायला आपले विद्यार्थी गावात जातात. मैदानाच्या कडेला मात्र कोणी वही घेऊन बसत नाही.

आज मोबाइलवर गुण नोंदवण्याची सोय घरोघर पोचली आहे आणि लहान सामन्यांचे आकडे पूर्वीपेक्षा अधिक जपले जातात. कागद वाढला, ही चांगलीच गोष्ट. परंतु वर्तमानपत्रांतला स्थानिक निकालांचा बारीक टाइप आक्रसत गेला, कचेऱ्यांचे संघ विरळ झाले, प्रेक्षक घरातल्या पडद्याकडे वळला. आकड्याभोवतीचे बोलणे पातळ होत चालले आहे. कोणत्या चिखलातल्या तीस धावा, हे सांगणारा माणूस गेला की तीस ही नुसती तीसच उरते.

राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. बखरींनाही पुढे संपादक लाभले, पाठभेद तपासले गेले, त्यांची भाषा अभ्यासक्रमात आली. मैदानी बखरीला अजून संपादक मिळायचा आहे. पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने एका क्लबच्या, एका महाविद्यालयाच्या किंवा शिरवण्यासारख्या एका गावाच्या संघाची दहा हंगामांची गुणपत्रके मिळवावीत आणि ती हातात धरून जुन्या प्रेक्षकांना बोलते करावे. आकडा आणि आठवण जेथे जुळत नाहीत तेथे घाईने कोणाला खोटे ठरवू नये. त्या फटीतच त्या समाजाला काय महत्त्वाचे वाटले ते सापडेल. 'जी' विभागाच्या तक्त्यात तळाशी असलेल्या संघालाही पाठीराखे होते, आणि आपला संघ का हरला याची त्यांच्याजवळ सविस्तर, आवेशपूर्ण आणि बहुधा पक्षपाती कारणमीमांसा होती. मराठी गद्याचा तोही एक प्रकार आहे.