छावणी ते महामार्ग : सक्तीच्या तपासणीचा इतिहास

अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे इंग्रजी अमदानीतील छावणीचे गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज तेथे असे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. छावणी म्हटली की इंग्रज अधिकाऱ्यांना पटकी-हिवतापाइतकीच चिंता असे ती गुप्तरोगांची, म्हणजे उपदंश (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) यांची. ब्रिटिश हिंदुस्थानातील छावण्यांत त्यावर जो उपाय योजला गेला, तो एड्सचा पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांना माहीत असायला हवा. कारण सव्वाशे वर्षांनी त्याचीच पुनरावृत्ती झाली.

१८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी व ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. रोगी ठरलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई. सक्ती स्त्रियांवर होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर नव्हती! रोग तर दोघांत सारखाच पसरतो. शिवाय तपासायचे कशाने? परम्याचा जंतू सापडला १८७९ मध्ये, उपदंशाचा १९०५ मध्ये, आणि उपदंशाची रक्तचाचणी आली १९०६ मध्ये. १८६८ च्या डॉक्टरांजवळ डोळ्यांखेरीज फारसे काही नव्हते. स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या, लपून राहू लागल्या. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या सक्तीविरुद्ध ठराव केला आणि कायदा रद्द झाला.

सक्तीऐवजी माहिती द्यावी, हा विचार मराठीत ठामपणे मांडला तो र. धों. कर्वे यांनी. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरला, आणि मासिक चालूच ठेवले.

भारतात एचआयव्ही प्रथम आढळला तो १९८६ मध्ये, मद्रासला. तीनच वर्षांनी राज्यसभेत सक्तीच्या तपासणीची तरतूद असलेले विधेयक आले. ते पुढे मागे घ्यावे लागले. १९९० मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतील शेकडो तमिळ स्त्रियांना खास गाडीने मद्रासला नेऊन डांबण्यात आले. अन्यायाचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी हे शास्त्रालाही धरून नव्हते. त्या काळची नेहमीची चाचणी विषाणू शोधत नसे, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधत असे. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे नुकतीच लागण झालेल्या व्यक्तीची चाचणी ‘निर्दोष’ येऊ शकते, आणि नेमका तेव्हाच तिच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. विद्यार्थ्यांना हा मुद्दा आलेख काढून दाखवावा, चटकन समजतो.

याच्या नेमकी उलट वाट सांगलीने दाखवली. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील स्त्रियाच आपल्या मैत्रिणींना निरोध वाटू लागल्या. नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे त्यांच्याइतके कोणत्या डॉक्टरला ठाऊक असणार? १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गुप्तरोगांवर वेळीच उपचार हाही बचावाचा महत्त्वाचा भाग आहे. उपदंशासारख्या रोगाच्या व्रणांतून एचआयव्हीला शरीरात शिरणे सोपे जाते. कर्व्यांचा विषय आणि आजचा विषय असे एकमेकांना जोडलेले आहेत.

वऱ्हाडात हा प्रश्न रस्त्यावर भेटतो. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती या ओळीने जातो. घरापासून कित्येक दिवस दूर राहणारे ट्रकचालक आणि क्लीनर यांना राष्ट्रीय कार्यक्रमाने ‘जोखमीचा गट’ म्हटले आणि त्यांच्या थांब्यांवर निरोध, उपचार व सोबत्यांकडूनच माहिती देण्याची पद्धत स्वीकारली. मला मात्र ‘गट’ हा शब्द खटकतो. जोखीम असते ती असुरक्षित संबंधात. त्याला गावाची, जातीची, धंद्याची पाटी नसते. नवऱ्याकडून लागण झालेल्या कितीतरी घरंदाज स्त्रिया स्वतःला कोणत्याच गटात धरत नव्हत्या.

१ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागली. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई केली; तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. छावणी कायद्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी!

शाळांची गोष्ट मात्र वेगळी. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. मुलांच्या शंका काही थांबल्या नाहीत. वर्गात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकण्याची पेटी ठेवून पाहावी. ‘समाजस्वास्थ्य’च्या वाचकांनी विचारले तसेच प्रश्न त्यात निघतील. त्यात एक बहुधा असेल : डास चावल्याने एड्स होतो का? नाही. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यायलेले रक्त नव्हे. आणि त्याच्या पोटात गेलेला एचआयव्ही वाढत नाही, पचून जातो.