भाषा येते, पुढे कोठे शिकावे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला परकी भाषा नवी नाही. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांत फारसी जाणणारे बुजुर्ग होते. अंबरनाथचा काड्यापेट्यांचा कारखाना स्वीडिश कंपनीने काढलेला. आज येथील कामगारांची मुले जर्मन, जपानी शिकून वरच्या परीक्षा देतात. मग घरात प्रश्न पडतो, की अशा मुलाला कोणत्या कॉलेजात घालावे?

बहुतेक पालक कॉलेजचे नाव पाहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इतिहास निराळे सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी व फारसी घेऊन ते १९१२ साली बी. ए. झाले. तथापि ते फारसीतच थांबले नाहीत. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्रासाठी. तेथे सेलिग्मन यांच्यासारखे गुरू होते. त्या अभ्यासाच्या जोडीला त्यांनी फ्रेंच व जर्मनचे प्राथमिक पाठ घेतले. १९२१ साली स्वतः जर्मनमध्ये अर्ज लिहून त्यांनी बॉन विद्यापीठात नाव घातले, आणि विषयांत संस्कृत होते! तेथे ते फार राहू शकले नाहीत. पण मुंबईत जे दार बंद झाले, ते जर्मनीत उघडले.

पालकांनी यातून एवढे घ्यावे. ज्याला भाषा येते, त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून बसविणारे कॉलेज कितीही नामांकित असले तरी उपयोगाचे नाही. त्या भाषेचा अध्यापक पदवीपर्यंत आहे काय, ग्रंथालयात तिचे ग्रंथ आहेत काय, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारावे. नसतील तर भाषा बाहेर चालू ठेवावी, आणि कायदा, रसायन, अर्थशास्त्र, ज्या विषयाची मुलाला ओढ असेल त्यासाठी कॉलेज निवडावे.

आणि जे आपल्या गावात नाही ते उभे करता येते. हैदराबाद-सिंधमध्ये १९२२ साली नॅशनल कॉलेज चालू झाले. फाळणीनंतर त्याच परंपरेतल्या मंडळींनी १९४९ साली वांद्र्यात आणि १९६५ साली उल्हासनगरात कॉलेज काढले. निर्वासितांना हे साधले. तेव्हा कामगार संघटनांनीही बोनसच्या मागणीबरोबर हे मागावे, की आमच्या गावच्या कॉलेजात परकी भाषा पदवीपर्यंत शिकवा. मुंबईच्या गाडीचा पास काढण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते.