शाळेआधी घरी येणारं पुस्तक

1658 साली न्यूरेंबर्गच्या एका छापखान्यातून मुलांसाठी एक पुस्तक बाहेर पडलं. ‘ओर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ असं त्याचं भारदस्त लॅटिन नाव. आत मात्र पशुपक्षी, झाडंझुडपं, सुतार, शिंपी, आकाश, पाऊस. पाठ दीडशे आणि जवळपास प्रत्येक पाठावर लाकडी ठशाचं एक चित्र. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आणि तेच आकडे खालच्या लॅटिन आणि जर्मन मजकुरात. अक्षरओळखीची तऱ्हाही निराळी: कावळा कसा ओरडतो, कोकरू कसं बें बें करतं, त्या आवाजातून अक्षर शिकायचं.

पुस्तकाचा कर्ता कोमेनियस हा मोरावियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. धर्मयुद्धात देशोधडीला लागलेला पाद्री आणि हाडाचा शिक्षक. बाराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले आणि लॅटिन शाळेची पायरी चढायला सोळावं वर्ष उजाडलं. त्या काळातल्या शाळांना त्याने मुलांच्या बुद्धीचे कत्तलखाने म्हटलं होतं. हंगेरीत शिकवत असताना त्याने हे चित्रमय पुस्तक रचलं. शाळा म्हणजे छळ हा समज मुलांच्या मनात रुजू नये, शाळा त्यांना मेजवानीसारखी वाटावी, असा हेतू त्याने प्रस्तावनेत सांगून टाकला. तिथेच पालकांसाठी एक सूचनाही आहे: मूल शाळेत घालण्याआधी हे पुस्तक घरी त्याच्या हाती द्यावं आणि चित्रं मनसोक्त पाहू द्यावीत.

पहिल्या दिवसाची भीती त्या दिवशी घालवता येत नाही, तिची तयारी घरात आधीपासून करावी लागते, हे त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पुस्तक युरोपभर गेलं. पुढे महाकवी गटेच्या लहानपणीही ते घरात होतं, हे त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. शाळा मात्र वेगळ्याच वाटेने वाढल्या. जर्मन राज्यांपैकी प्रशियाने 1763 मध्ये खेड्यांतल्या मुलांनाही शाळा सक्तीची केली, सॅक्सनीने 1835 च्या कायद्याने आठ वर्षांचं शिक्षण बंधनकारक केलं. मूल रडो की हसो, शाळा चुकत नव्हती. चित्रपुस्तकांचा सूरही पालटला. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी 1844 च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ‘श्ट्रुव्वेलपेटर’ लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. त्यात काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून जाते, अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कापतो. पुस्तक तडाखेबंद खपलं. मुलाला वळण लावायला भीतीच कामाला येते, यावर तेव्हाच्या घरांचा विश्वास होता.

त्याच सुमारास सॅक्सनी आणि थुरिंगिया या जर्मन भागांत दुसरी रीत मूळ धरत होती. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू द्यायचा. येना इथली 1817 ची, ड्रेस्डेनची 1820 ची आणि लाइपझिगची 1836 ची नोंद मिळते. ऐपत बेताची असली की तळाशी कागद कोंबून वर मिठाई रचायची. या रीतीभोवती एक गोष्टही गुंफली गेली: शाळेत शंकूंचं झाड असतं, शंकू पिकले की मूल शाळेत जाण्याजोगं झालं म्हणायचं! 1852 मध्ये मोरित्झ हेगर यांनी पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शंकूचं पुस्तकच काढलं. म्हणजे केवळ या एका दिवसासाठी लिहिलेली पुस्तकं पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होती.

1920 च्या दशकात सॅक्सनीतले शिक्षक आल्बर्ट झिक्स्टुस यांनी शंकूंच्या या झाडावर पद्यमय चित्रपुस्तक लिहिलं. त्यांचंच ‘हेसशेनशूले’ (1924) अधिक गाजलं. त्यात सशाची पिल्लं दप्तर घेऊन शाळेत जातात, अंडी रंगवायला आणि कोल्ह्यापासून पळायला शिकतात. चष्मेवाले मास्तर खोडकर पिल्लाचे कान पिळतात. चित्रकार फ्रिट्झ कोख-गोटा यांच्या चित्रांमुळे ते आजही विकलं जातं. मास्तर कडक, तरी ससे घरी सुखरूप परततात, आणि पहिल्या दिवशी मुलाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

खाऊ किती काळ पुरतो, ते लेखक एरिख केस्टनर यांनी सांगितलं आहे. 1906 च्या ईस्टरला ड्रेस्डेनमध्ये ते शाळेत दाखल झाले. शेजारी शंकू मिरवायला गेले, अडखळले आणि सगळी मिठाई जमिनीवर सांडली. ही आठवण त्यांनी अर्धशतकानंतर, 1957 च्या आत्मकथनात लिहिली. शंकूची रीत मात्र जर्मनीभर पसरली. पूर्व जर्मनीत तो षट्कोनी आणि सुमारे 85 सेंटिमीटरचा, तर पश्चिमेत गोल आणि 70 सेंटिमीटरचा असे.

आज तिथे शंकू पहिल्या दिवशी मिळतो आणि पहिल्या दिवसावरची पुस्तकं त्याआधी घरी वाचली जातात. दोन्हींत कोमेनियसची वाट अधिक टिकाऊ. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा ज्यांच्या घरातलं मूल यंदा पहिल्यांदा शाळेत जाणार आहे, त्यांनी असं एखादं चित्रपुस्तक गणवेशाआधी, मे महिन्यातच आणावं आणि मुलाला मांडीवर घेऊन चाळावं.