निसर्गविषयक लोकधारणा (जैनथ परिसर)

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ व भोवतालच्या मुलखातील शेतकरी आणि आदिवासी समाजांनी सूर्य, जमीन, जनावर, रान व पाणी यांच्याशी मानलेले नाते. निसर्गाकडून काही घेण्याआधी त्याचा मान करावा, हे या नात्याचे मुख्य सूत्र होय.

प्रदेश : जैनथ हे मंडलाचे गाव आदिलाबाद शहरापासून सुमारे २१ किमी.वर आहे. उत्तरेला पैनगंगा असून नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. जमीन काळी, मुख्य पीक कापूस. हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. शेजारचा किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. त्यामुळे तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांचा सहवास येथे जुना आहे.

सूर्य : जैनथचे लक्ष्मीनारायणाचे काळ्या दगडाचे देवालय प्रसिद्ध आहे. वर्षातील ठरावीक दिवसांत सकाळचे ऊन थेट गाभाऱ्यातील मूर्तीच्या पायांवर येते व ते पाहायला भाविक जमतात. कार्तिकात ब्रह्मोत्सव भरतो. परमार राजपुत्र जगद्देव याच्या काळातील येथील संस्कृत शिलालेखात लोलार्क नावाच्या व्यक्तीची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे देऊळ बांधल्याची नोंद आहे. निंबादित्य हे आदित्याचे म्हणजे सूर्याचेच रूप असल्याने या गावातील सूर्योपासना किमान नऊशे वर्षे मागे जाते.

शेत व जनावर : श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैलाकडून काम घेत नाहीत. आदल्या दिवशी जू वाहून कठीण झालेले त्याचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि ‘उद्या जेवायला या’ असे त्याला आवतण देतात. सणाच्या दिवशी पुरणपोळीचा घास आधी त्याला मिळतो. कापूस फुटल्यावर पहिल्या वेचणीपूर्वी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची ‘सीतादही’ ही विदर्भातील रीतही याच जातीची.

रान व पाणी : गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेली असून प्रत्येक कुळाचे ‘पेन’ म्हणजे दैवत वेगळे असते. आषाढात अकाडीच्या सणाला रानात जाऊन वनदेवतेची पूजा करतात, तेथेच रांधून जेवतात. गुरे रानात चरायला सोडतात ती त्यानंतर. नवे धान्यही कुळदैवताला अर्पण केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळाचे लोक अनवाणी चालत जाऊन हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी आणतात. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथील राजगोंडांचा सविस्तर अभ्यास केला.

वाघ : पैनगंगेपलीकडील टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आदिलाबादच्या शिवारांत येतात. २०१९ मध्ये तेथून निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण नर तेलंगणाचा भाग पालथा घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाघाला देव मानणे आणि गोठ्यातल्या गुरांसाठी त्याला भिणे, या दोन्ही गोष्टी गावात एकत्र नांदतात.

संघर्ष व बदल : निजामी राजवटीत राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर गोंड अतिक्रमक ठरले. गोंड नेते कुमरम भीम यांचा लढा यातून उभा राहिला. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक तसेच सामूहिक हक्कांना मान्यता दिली. दुसरीकडे ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी झाल्या आणि २००२ नंतर बीटी कापसामुळे बियाणे दरवर्षी दुकानातून विकत घेणे आले. मान करण्याचे विधी टिकले असले, तरी ज्या बैलासाठी व घरच्या बियाण्यासाठी ते होते, त्यांच्यावरची शेतकऱ्याची भिस्त मात्र कमी झाली आहे.