केप क्रोझिअरचा हरवलेला तंबू

जुलै १९११, अंटार्क्टिका. एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड ध्रुवीय रात्रीच्या अंधारात केप क्रोझिअरला पोहोचले. वरच्या टोकाशी जोडलेल्या बांबूंचा त्यांचा तंबू छत्रीसारखा उघडे. खालच्या झालरीवर बर्फ रचून तो पक्का करावा लागे. हिमवादळाने तो उचलून नेला. पाठोपाठ, नेमके विल्सनच्या वाढदिवशी, दगडी आसऱ्याचे कापडी छतही फाटले. तंबूविना परतणे म्हणजे मृत्यूच. वादळ निवळल्यावर तंबू उताराच्या पायथ्याशी सापडला, जवळजवळ अखंड! उडतानाच बांबू मिटले, म्हणून कापड वाचले. अंड्यांपेक्षा मला हाच शोध मोलाचा वाटतो. त्यानंतर बॉवर्स तंबूला बांधलेल्या दोरीचे टोक आपल्या झोपण्याच्या पिशवीत घेऊनच निजला.