प्रवासी स्टोव्हची कुळकथा



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. माझा नातू चार मित्रांसह कळसूबाईच्या शिखरावर जाण्याच्या तयारीत होता. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वांत उंच, आणि ते आमच्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. शिर्डीहून मोटारसायकलींवरून निघावे, पायथ्याशी राहुटी ठोकावी आणि स्वयंपाक आपल्या हातांनी करावा, असा या मंडळींचा बेत होता. तेव्हा त्याने मला विचारले, "आजोबा, पेट्रोलवर चालणारा लहानसा स्टोव्ह मिळतो. गाडीच्या टाकीत पेट्रोल असतेच; निराळे इंधन बाळगायला नको. घेऊ का तो?"

प्रश्न सरळ होता. परंतु मला त्याचे उत्तर तत्काळ देववेना. कारण अर्ध्या शतकापूर्वी हाच युक्तिवाद मी स्वतः केला होता, आणि त्याचे भोग दुसऱ्याच कोणास भोगावे लागले होते. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी या स्टोव्हची कुळकथा थोडक्यात सांगतो. कारण ती ऐकल्यावाचून त्या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाही.

प्रवासातील स्वयंपाकाचे मूळ अर्थातच तीन दगडांच्या चुलीत आहे. आमच्या शिर्डीत श्रीसाईबाबा मशिदीच्या अंगणात चूल मांडून स्वहस्ते अन्न शिजवीत. त्यांच्यापाशी एक हंडी पन्नास माणसांपुरती व दुसरी शंभर माणसांपुरती होती, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. बाबा १९१८ साली समाधिस्थ झाले. त्या काळचा यात्रेकरू कोपरगावच्या स्टेशनावर उतरे, गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डीस येई, आणि जागा मिळेल तेथे काटक्या गोळा करून आपली भाकरी भाजून घेई. पावसाळ्यात मात्र सरपण ओले, डोळ्यांत धूर आणि पोटात भूक, अशी त्याची त्रेधा उडे.

ही त्रेधा दूर करणारी युक्ती दूरच्या स्वीडन देशात निघाली. स्टॉकहोम येथील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ च्या सुमारास काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला, आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर पसरला. त्यातील शास्त्र मोठे मनोरंजक आहे. रॉकेल थंड असताना सहजासहजी पेटत नाही. म्हणून प्रथम स्पिरिटने किंवा काकड्याने बर्नर तापवावयाचा. नंतर पंप मारून टाकीत हवेचा दाब निर्माण करावयाचा. त्या दाबाने वर चढलेले तेल तापलेल्या नळ्यांत वाफ होऊन बारीक छिद्रातून बाहेर पडते, आणि हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. धूर नाही, काजळी नाही, आणि आच मात्र लोहाराच्या भात्यासारखी!

रोआल्ड अमुंडसेन याने १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुव गाठला तेव्हा प्रायमस त्याच्याबरोबर होता. रॉकेलचे डबे त्याने डाख देऊन पक्के बंद केले होते. त्याच्या मागोमाग ध्रुवावर पोहोचलेल्या कॅप्टन स्कॉट याच्या डब्यांना चामड्याचे वॉशर होते. परतीच्या वाटेवर ठेवलेले डबे उघडले, तो तेल अपेक्षेहून कमी भरले. उपासमार आणि भयंकर थंडी यांत ही आणखी एक भर पडली, आणि १९१२ साली ती सर्व मंडळी बर्फात मरण पावली. स्टोव्ह कितीही उत्तम असो, इंधन कशात ठेवले आहे आणि वाटेत ते मिळणार की नाही, यावरच अखेर सारे अवलंबून असते, हा धडा येथे मिळतो.

आपल्या महाराष्ट्रात या स्टोव्हने घराघरांत ठाण मांडले. कोणी त्याच्या तेलाला रॉकेल म्हणे, कोणी घासलेट. पहाटे त्याचा फुरफुराट ऐकू आला की चहा होणार हे मुलांना अंथरुणातच कळे. यात्रेला निघालेल्या कुटुंबाच्या सामानात वळकटी, पाण्याची कासंडी आणि स्टोव्हची पत्र्याची पेटी ही ठरलेलीच.

आता पेट्रोलकडे वळू. मोटारगाडी आली, तसे पेट्रोल गावोगाव मिळू लागले, आणि तेच स्वयंपाकाला का वापरू नये असा विचार साहजिकच पुढे आला. अमेरिकेतील कोलमन कंपनीने १९२३ साली मोटारप्रवाशांसाठी असा स्टोव्ह विक्रीस आणला. परंतु त्याला खरी चालना महायुद्धाने दिली. १९४२ साली अमेरिकन लष्कराने याच कंपनीकडे मागणी केली, की स्टोव्ह दुधाच्या बाटलीहून मोठा नसावा, कडाक्याच्या थंडीत व वाळवंटातही चालावा, आणि हाताशी येईल ते इंधन त्यात जळावे. कंपनीने साठ दिवसांत तो करून दिला. जेथे जीप पोहोचेल तेथे जीपचे पेट्रोलही पोहोचणारच. म्हणजे शिपायाच्या चुलीचा प्रश्न आपोआप सुटला.

पुढे १९७३ साली अमेरिकेतील सिॲटल येथे लॅरी पेनबर्थी या गिर्यारोहकाने आणखी एक सुधारणा केली. इंधनाची बाटली त्याने बर्नरखालून काढून बाजूस ठेवली आणि नळीने जोडली. सुधारणा दिसावयास क्षुल्लक. परंतु तिचे मोल मला पुढच्याच वर्षी, निराळ्या रीतीने, कळून चुकले.

त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, आणि काही महिन्यांत खनिज तेलाच्या किमती चौपट झाल्या. आपल्याकडे रॉकेलसाठी रांगा लागू लागल्या. १९७४ च्या रामनवमीला आमच्या ओट्यावर एक कुटुंब उतरले होते. ते जीपने आले होते. दुपारी त्यांच्या स्टोव्हमधील रॉकेल संपले. मी दहावीत होतो, आणि पेट्रोल व रॉकेल ही एकाच खनिज तेलाची लेकरे, हे शास्त्राच्या तासाला शिकून चुकलो होतो. मी मोठ्या ऐटीने ते ज्ञान सर्वांना ऐकविले, रबरी नळीने जीपमधून तांब्याभर पेट्रोल काढले आणि ते टाकीत ओतले. स्टोव्ह पेटला. दोन-तीन मिनिटे तो चाललाही. मग एकाएकी भडका उडाला आणि ज्योत टाकीच्या झाकणापर्यंत आली. त्या घरच्या काकूंनी जवळचे मूल मागे ओढले; पण त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काकू वाचल्या, मूलही वाचले. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक झोंबले.

माझी चूक कोठे झाली? एका बापाची लेकरे असली तरी त्यांचे स्वभाव निराळे. रॉकेलला नेहमीच्या हवेत वाफ फारशी सुटत नाही. पेट्रोलला ती शून्याखालच्या थंडीतही सुटते आणि ठिणगीसरशी पेट घेते. रॉकेलच्या स्टोव्हची टाकी बर्नरच्या अगदी खाली असते. तिला ऊब लागली तरी रॉकेल ते सहन करते. पेट्रोलची मात्र वाफ होऊन दाब भराभर वाढतो, आणि वॉशर जेथे सैल असेल तेथून ती वाट काढते. शिवाय दोन्ही इंधनांसाठी छिद्राचा आकारही निराळा लागतो. पेनबर्थीने बाटली बाजूला का ठेवली, ते आता ध्यानात यावे. पुढे मी शिक्षक झालो. तेहतीस वर्षांत खनिज तेलाचा धडा कितीदा शिकविला असेल, त्याची गणती नाही. पण ही हकीकत सांगितल्यावाचून तो धडा मी कधीही संपविला नाही.

असो. आजची परिस्थिती पुष्कळच पालटली आहे. रेशनवरचे रॉकेल दुर्मिळ झाले. घराघरांत गॅस आला. शिर्डीच्या प्रसादालयात तर २००९ साली प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या त्र्याहत्तर सौर तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ करण्याची व्यवस्था झाली; यात्रेकरूने शिधा आणि स्टोव्ह घेऊन येण्याचे कारणच उरले नाही. त्याच साली साईनगर शिर्डी हे स्टेशनही सुरू झाले. परंतु रेल्वेच्या डब्यात स्टोव्हचे तेल किंवा पेट्रोल नेणे हा गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत, हे प्रवाशांनी विसरू नये.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात शिसे मिसळीत असत. ते २००० साली देशभर बंद झाले, ही चुलीच्या व फुप्फुसाच्या दृष्टीने इष्टच गोष्ट झाली. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, आणि आमचा भाग उसाचा झाला. त्या उसाच्या मळीपासून होणारे मद्यार्क एकेकाळी काकडा भिजविण्यास लागे. आज ते थेट गाडीच्या टाकीत जाते. मात्र इथेनॉल पाणी शोषते आणि काही जातींचे रबर खराब करते. यास्तव जुन्या स्टोव्हमध्ये असे पेट्रोल घालू नये, आणि नव्यातही ते महिनोन्महिने साठवू नये.

मग नातवाला मी काय सांगितले? स्त्रिया-मुलांसह सहलीला जाणाऱ्या कुटुंबाने पाच किलोंचे गॅसचे सिलिंडरच न्यावे. पेट्रोलचा नाद करू नये. जे दूर डोंगरात, गॅस मिळत नाही अशा ठिकाणी जातात, त्यांनी पेट्रोलचा स्टोव्ह अवश्य घ्यावा. परंतु तो पेट्रोलसाठीच घडविलेला असावा, बाटली बर्नरपासून दूर असावी, आणि छिद्र साफ करण्याची पिन जवळ असावी. बाटली काठोकाठ भरू नये. स्टोव्ह पुरता निवल्यावाचून इंधन ओतू नये. राहुटीच्या आत तर तो कदापि पेटवू नये. आगीचे भय आहेच, शिवाय कोंडलेल्या जागेत न दिसणारा विषारी वायू साचतो. आणि स्टोव्ह निवडताना आपल्या मंडळींतील सर्वांत धांदरट गडी डोळ्यांपुढे आणावा. कारण थकल्याभागल्या संध्याकाळी तो बहुधा त्याच्याच हाती पडतो.

नातवाने तसा स्टोव्ह आणला. निघण्यापूर्वी आठ दिवस रोज संध्याकाळी अंगणात तो पेटविण्याचा सराव त्याने केला. वाळूची बादली घेऊन मी शेजारी उभा राहत असे. पहिल्या दिवशी ज्योत धरली तेव्हा माझी छाती धडधडत होती, हे त्याला मी सांगितले नाही. काकूंची हकीकत मात्र सांगितली, आणि त्या हकीकतीतील मुलगा कोण, तेही सांगितले.